कपाटावर गेलेली विमाने

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते. आपला मुलगा दहा वर्षांचा आहे. तो चार-पाच वर्षांचा असताना बडोद्याच्या विमानतळाजवळ, हरणी रोडवर, विमान उतरताना दिसले की स्कूटर थांबवायला लावत असे. घरात त्याची वीस-बावीस खेळण्यातली विमाने आहेत. गेल्या वाढदिवसाला आपण साडेसहा हजार रुपयांचे, रेडिओवर चालणारे फोमचे विमान आणलेत. ते पहिल्याच सकाळी कडुनिंबावर आपटले आणि त्याचा पंख मोडला. तेव्हापासून सगळी विमाने कपाटावर आहेत आणि मुलगा त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. हा मोबाइलचा परिणाम आहे का, ही आवड परत आणता येईल का, आणि त्या मोडक्या विमानाचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी बडोद्यातल्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. गेली पंचवीस वर्षे दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, दर रविवारी आठ ते चौदा वर्षांच्या मुलांकडून उडणारी विमाने करून घेते. मी वैमानिक नाही आणि बालमानसशास्त्राची जाणकारही नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते अगाशीवर आणि पोलो ग्राउंडवर पाहिलेल्या मुलांवरून लिहिते आहे. आपल्या मुलाला मी पाहिलेले नाही, हेही लक्षात ठेवावे.

माझ्या मते आपल्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: मुलाची विमानांबद्दलची आवड, खेळण्यातल्या विमानांबद्दलची आवड, आणि शेवटच्या ओळीत आपण स्वतःच लिहिलेले "मला वैमानिक व्हायचे होते" हे वाक्य. तिसऱ्या गोष्टीकडे मी नंतर येईन, पण ती बाजूला ठेवता येणार नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला विमान आवडते ते प्रामुख्याने त्याच्या आकाराने, आवाजाने आणि ते आपल्या हाताबाहेरचे आहे म्हणून. त्याच वयात त्याला जेसीबी आवडतो, बागेतली छोटी आगगाडी आवडते, कचऱ्याची गाडीसुद्धा आवडते. हे कौतुक खरे असते, पण त्याला अजून दिशा नसते. आठ-नऊ वर्षांच्या सुमारास मुलाला नुसते पाहून पुरत नाही. त्या वस्तूचे आपण काय करू शकतो, हा प्रश्न त्याला पडू लागतो. आता आपल्या कपाटावरच्या त्या विमानांकडे या नजरेने पाहा. धातूचे, चाके फिरणारे, शेपटावर कंपनीचे चिन्ह रंगवलेले विमान हातात धरून तोंडाने आवाज काढत खोलीभर फिरवता येते, याखेरीज त्याचे दुसरे काहीही करता येत नाही. आपल्या मुलाने ते तीन-चार वर्षे मनापासून केले. त्या खेळण्यातले जेवढे होते तेवढे त्याने घेतले आणि ते खाली ठेवले, यात मला तक्रारीसारखे काही दिसत नाही.

तरीही एकूण मुलांमध्ये विमानांचे आकर्षण पूर्वीपेक्षा कमी झाले आहे का, असे कोणी मला विचारले तर मी होय म्हणेन. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा विमानाच्या नावाने यायचा. आता अर्धी मुले आईने पाठवले म्हणून येतात. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. माझ्या लहानपणी विमानतळावर कोणाला तरी सोडायला जाणे हीच सहल असे. मोठ्या विमानतळांवर तिकीट काढून धावपट्टी पाहता येईल असे सज्जे असत. सुरक्षेच्या कारणाने ते बंद झाले. प्रवासात हवाईसुंदरी एखाद्या मुलाला वैमानिकांच्या कक्षात नेऊन आणत असे. २००१ च्या सप्टेंबरनंतर उड्डाणात ते दार कुलूपबंद झाले. आणि त्याच सुमारास विमान स्वस्त झाले. आजचे मूल सातव्या वर्षापर्यंत दोनदा गोव्याला विमानाने जाऊन आलेले असते, आणि त्याच्या आठवणीत विमान म्हणजे सुरक्षा तपासणीची रांग, खिडकीवरून बहिणीशी झालेले भांडण आणि थंड सँडविच एवढेच असते. विमानाच्या आत बसून विमान दिसत नाही, ही यातली गंमत आहे. आपल्याच गावात सी-२९५ जातीच्या लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना २८ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला, छप्पन्न विमानांपैकी चाळीस येथे बांधली जाणार आहेत, आणि त्याचे कौतुक आम्हा मोठ्यांनाच जास्त आहे. मुलांच्या दृष्टीने तेही भिंतीपलीकडचेच.

मोबाइलबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मोबाइल वेळ खातो, हे निर्विवाद आहे. रोज तीन-चार तास जात असतील तर कोणत्याच आवडीला जागा उरणार नाही, आणि तो प्रश्न विमानांपुरता नाही. पण मूल मोबाइलवर काय पाहते ते एकदा शेजारी बसून पाहावे. माझ्याकडच्या एका मुलाची आई त्याची आवड मेली म्हणून सांगत होती, आणि तो चिरंजीव रोज रात्री विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर डोळे लावून बसलेला होता. विमाने स्वतःची जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत कळवत असतात आणि ते संदेश साध्या यंत्राने जमिनीवर टिपता येतात, म्हणून ही ॲप चालतात. हे त्याला ठाऊक होते, मला त्याच्याकडून कळले. त्याची आवड मेलेली नव्हती. ती आईला दिसेल अशा जागी नव्हती, इतकेच.

आता मूळ मुद्द्याकडे येते, आणि त्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल. पहिली चार-पाच वर्षे मी फार चांगली शिक्षिका होते. मुले पंख कापत, चिकटवत, आणि मग विमान माझ्या हातात देत. मी नाकावर थोडी माती चढवी, शेपटीची कड बोटाने वाकवी, पंखाचा पीळ काढी, आणि ते विमान सरळ रेषेत अगाशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. मुले टाळ्या वाजवत, पालक खूश होत. सर्वांना नीट उडणारी विमाने मिळाली, आणि पुढच्या रविवारी निम्मी मुले आली नाहीत. जी आली त्यांत एक मुलगी होती, जिचे विमान वेळ संपल्यामुळे माझ्याकडून नीट करायचे राहून गेले होते. तिने आठवडाभर घरी खटपट केली होती आणि तिला मला सांगायचे बरेच काही होते: शेपूट वर केले तर काय होते, उजवा पंख ओला झाला तेव्हा काय झाले, भावाने पाय दिल्यावर ते जास्त चांगले कसे उडू लागले. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तरीही आणखी एक वर्ष गेले. ते वर्ष एका शाळेच्या स्नेहसंमेलनात गेले, जिथे मी ओळखीच्या एका छंदिष्टाला मोठे इंजिनचे विमान घेऊन बोलावले. तीनशे मुले ओळीने बसली, विमानाने चार फेऱ्या मारल्या, पाचव्या फेरीत ते व्हॉलीबॉलच्या खांबाला धडकले, आणि त्यानंतर शाळेने मला पुन्हा बोलावले नाही. पण अपघात झाला नसता तरी त्या तीनशे मुलांपैकी एकाच्याही हाताला त्या दिवशी काही काम नव्हते.

राइट बंधूंची गोष्ट आपण त्याला सांगितली असेलच, पण तिचा एक भाग सांगायचा बहुधा राहून जातो. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी बांबू, बूच आणि कागदाचे, रबराच्या पिळावर वर उडणारे एक खेळणे आणून दिले. ते आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाच्या रचनेवर बेतलेले होते. या पेनोने १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत रबरावर चालणारे छोटे विमान अकरा सेकंद उडवून दाखवले होते. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात. खेळणे अर्थातच मोडले. मग त्यांनी तसेच दुसरे बनवले, मग मोठे बनवले, आणि मोठे केले की ते नीट उडत नाही हे त्यांच्या लक्षात आले. पंचवीस वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ ला, त्यांचे विमान पहिल्या खेपेला बारा सेकंद उडाले. वडिलांनी आणलेले खेळणे मोडण्याजोगे होते आणि पुन्हा बनवण्याजोगेही होते, म्हणून पुढचे सगळे झाले असे मी म्हणणार नाही. पण ते साडेसहा हजारांचे असते तर दुसऱ्या दिवशी ते कपाटावर गेले असते, असे मला वाटते.

आपल्या घरी काय झाले असेल ते मी अंदाजाने सांगते. चूक असेल तर सोडून द्यावे. रेडिओवरचे विमान नवशिक्याला अवघड जाते, त्याचे मुख्य कारण असे की विमान दूर जात असताना हातातल्या रिमोटची काडी उजवीकडे दाबली की ते उजवीकडे जाते, आणि तेच आपल्याकडे येत असताना पाहणाऱ्याला ते डावीकडे गेलेले दिसते. हा उलटा हिशेब मोठ्यांनाही आठवडे घेतो. मुलाला तो शिकायला पहिल्या उड्डाणात पाच-सात सेकंद मिळाले. मग झाड आले. मग आपण काही बोलला नसाल तरी आपला चेहरा त्याने पाहिला असणार. दहा वर्षांच्या मुलाला किंमत कळते. आपल्या हातून वडिलांचे साडेसहा हजार गेले, आणि काय चुकले ते समजलेही नाही, दुरुस्त करायला हातात काही नाही: एवढे झाल्यावर कोणत्याही शहाण्या माणसाने ते विमान कपाटावरच ठेवले असते.

त्यातच एक कायद्याची बाब, जी दुकानदार सांगत नाहीत. २०२१ च्या ड्रोन नियमांत रेडिओवर उडणारी छंदाची विमानेही येतात, आणि चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतला भाग खुल्या, म्हणजे हिरव्या, क्षेत्रात मोडत नाही. हरणीच्या विमानतळापासून तेवढे अंतर मोजले तर आपले जुने शहर जवळपास सगळे त्यात येते. म्हणून ज्यांना रेडिओकडे वळायचे आहे त्यांनी आधी सरकारी नकाशा पाहावा आणि शहराबाहेर जावे. हाताने फेकायच्या ग्लायडरला यातले काहीच लागत नाही, आणि माझा सल्लाही तिथूनच सुरुवात करण्याचा आहे.

किंबहुना त्याच्याही आधीपासून. आपण बडोद्यात राहता, म्हणजे आपल्या मुलाने उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवला असणारच. मग त्याला विमानाविषयी जे ठाऊक आहे ते पुण्या-मुंबईच्या मुलाला ठाऊक नसते. किन्ना, म्हणजे पतंगाला मांजा जोडणारे वरचे-खालचे धागे, बांधताना वरचा धागा किंचित आखूड ठेवला की पतंग वाऱ्याला कमी कोनात सामोरा जातो आणि वर चढतो. खालचा धागा आखूड झाला की तो वाऱ्यासमोर उभा राहतो, हाताला ओढ फार लागते आणि गिरक्या घेऊ लागतो. पतंग एका अंगाला कलत असेल तर दुसऱ्या अंगाला कागदाची कन्नी बांधतात. विमानाच्या शेपटीचा कोन आणि विमानाचा तोल या दोन्ही गोष्टी यात आल्या. गेंडीगेटच्या दुकानात पतंग हातात घेऊन, ढढ्ढा (मधली उभी काडी) वाकवून, कमान डोळ्यासमोर धरून पाहणारी मुले मी दरवर्षी पाहते, आणि तीच मुले शाळेत विज्ञानाच्या तासाला गप्प असतात.

ग्लायडरची मापे देते, कारण नुसते "घरी काहीतरी बनवा" या सल्ल्याचा काही उपयोग नसतो. उत्तरायणानंतर घरात फाटके पतंग असतातच. त्यांतल्या दोघांचे ढढ्ढे एकमेकांवर फेविकॉलने चिकटवून बत्तीस सेंटिमीटरचा तुकडा कापला की विमानाचा कणा झाला. पंखासाठी तीन मिलिमीटर जाडीची फोमशीट, नाही मिळाली तर जाड कार्डशीट: तीस सेंटिमीटर लांब, सात रुंद. आडवे शेपूट बारा बाय चार, उभे शेपूट पाच बाय चार. पंख मधोमध हलका चिरून दोन्ही टोके अडीच-तीन सेंटिमीटर वर उचलायची आणि तशीच चिकटवायची. हा उथळ व्ही आकार विमानाला कलल्यावर पुन्हा सरळ करतो. पंख नाकापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर बसवावा. फेविक्विक वापरू नये, ते फोम विरघळवते. मग पंखाच्या पुढच्या कडेपासून दोन-सव्वादोन सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना पेनने खूण करावी, खुणांखाली बोटांची टोके धरून विमान उचलावे, आणि ते आडवे राहीपर्यंत नाकाला शाडू लावत जावे. शाडू लावल्याशिवाय फेकले तर काय होते, हे त्याने एकदा जरूर पाहावे.

फेकायचे ते खांद्याच्या उंचीवरून, नाक अगदी किंचित खाली, हळू धावणाऱ्या माणसाच्या वेगाने पुढे ढकलल्यासारखे. मुले पहिल्यांदा ते चेंडूसारखे फेकतात. दोन-तीनदा फेकू द्यावे. आणि मग खरा खेळ सुरू होतो. विमान नाक वर करते, मध्येच थबकते, खाली पडते, पुन्हा नाक वर करते, अशी गटांगळी खात असेल तर नाकावर थोडा शाडू वाढवावा किंवा आडव्या शेपटीची मागची कड केसभर खाली वाकवावी. सरळ जमिनीत घुसत असेल तर याच्या उलट. एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूच्या पंखाची मागची कड पिळून वर गेली आहे का ते समोरून एक डोळा मिटून पाहावे. दहापैकी आठ वेळा ती गेलेली असते. एका वेळी एकच बदल करायचा, हा माझ्या अगाशीवरचा एकमेव नियम आहे. मुले तो मोडतात, दोन बदल एकदम करतात, विमान छान उडते, आणि कशामुळे उडाले ते सांगता येत नाही म्हणून चडफडतात. ती चडफड उपयोगाची असते. पहिल्या दिवशी विमान तीन मीटर जाईल. नीट जमले की खांद्यावरून सोडलेले विमान सहा-सात मीटर सहज जाते. फरशा मोजून वहीत अंतर लिहून ठेवायला सांगावे.

वेळेबाबत एक सूचना. पतंगासाठी आपण वारा मागतो, पण ग्लायडरला वारा चालत नाही. सकाळी ऊन तापण्यापूर्वी हवा स्थिर असते तेव्हा जावे. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी सकाळी अकरा वाजता अगाशीवर उडवलेल्या विमानांच्या निघाल्या, ज्यांच्यात दोष काहीच नव्हता.

या सगळ्यात आपण काय करायचे? आपले स्वतःचे दुसरे विमान बनवायचे, आणि त्याच्या विमानाला हात लावायचा नाही. मी हे फार आग्रहाने सांगते. त्याचा पंख वाकडा चिकटलेला दिसला तरी बोलू नये; तो वाकडा पंख उडताना स्वतः बोलेल. आपल्याला वैमानिक व्हायचे होते, ती इच्छा लपवायचे कारण नाही, पण ती त्याच्या विमानावर चढवली की ते जड होते, आणि मुलांना हे वजन आपल्या कल्पनेपेक्षा लवकर जाणवते. आपले विमान आपण मनापासून बनवलेत आणि ते नीट उडाले नाही म्हणून आपण वैतागलात, तर तो आपणहून येऊन शेपूट वाकवून देईल. असे मी कित्येक बाप-लेकांत पाहिले आहे. बाप-लेकीतही पाहिले असते, पण पालक माझ्याकडे बहुतेक मुलग्यांनाच घेऊन येतात. घरी बहीण असेल तर तिलाही सकाळी उठवावे, एवढे मात्र सांगते.

त्याने विमान उडते कसे असे विचारले तर घाई करू नये. पंखाची वरची बाजू फुगीर असते, वरच्या हवेला लांबचा रस्ता असतो आणि खालच्या हवेबरोबर एकदम पोचायचे म्हणून ती पळते, असे स्पष्टीकरण पुस्तकांतून वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि मीही पहिली काही वर्षे ते शिकवले. वर आणि खाली गेलेल्या हवेने एकाच वेळी पोचावे असे काही बंधन नसते. वरची हवा प्रत्यक्षात आधीच पोचते. आपल्या ग्लायडरचा पंख तर सपाट आहे आणि पतंगही सपाट आहे, तरी दोन्ही उडतात. पंख हवेला कोनात सामोरा जातो, हवेला खाली वळवतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. दहाव्या वर्षी एवढे पुरे आहे. चालत्या गाडीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढून तो तिरका करणे धोक्याचे म्हणून मी सुचवत नाही, पण टेबलपंख्यासमोर कार्डशीटचा तुकडा धरला तरी तेच हाताला कळते. चुकीचे पण गुळगुळीत उत्तर मिळाले की मूल पुढे विचारायचे थांबते, आणि ही आवड आटण्याच्या कारणांपैकी ते मला एक मोठे कारण वाटते.

मोबाइल पूर्ण बंद करण्यापेक्षा मी त्याला आकाशाशी जोडते. रात्री अगाशीवर झोपलेले असताना उंचावरून विमानाचा आवाज येतो, मुले आवाजाच्या दिशेने पाहतात आणि त्यांना विमान दिसत नाही. का दिसत नाही, याचा हिशेब पाचवीच्या मुलाला येतो. विमान दहा किलोमीटर उंचीवर आहे. आवाज सेकंदाला एक-तृतीयांश किलोमीटरपेक्षा थोडा कमी जातो, म्हणजे खाली पोचायला तीस सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. विमान ताशी नऊशे किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला पाव किलोमीटर. म्हणजे डोक्यावरचा आवाज कानात पडेपर्यंत विमान साडेसात-आठ किलोमीटर पुढे गेलेले असते. हे एकदा मांडून झाले की मुलाला आवाजाच्या पुढे, हातभर अंतरावर, लुकलुकणारा दिवा सापडतो, आणि मग तो रोज शोधतो. ॲपवर ते विमान कोठून कोठे चालले आहे ते पाहायचे, पण आकाशात सापडल्यानंतर.

कोणत्या परिस्थितीत यातले काहीच चालणार नाही, तेही सांगायला हवे. काही मुलांना हाताने बनवण्याचा मनापासून कंटाळा असतो. त्यांना विमानांची नावे, देश, युद्धे, वेग यांत रस असतो, आणि ती मुले पुस्तकांकडे वळवावीत, कात्रीकडे नाही. तेरा-चौदाव्या वर्षी आलेल्या मुलांना माझे ग्लायडर बालिश वाटते. त्यांना रबराच्या पिळावरचे विमान किंवा संगणकावरचा उड्डाणाचा सराव द्यावा लागतो, आणि शाळेत किंवा कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर तिथे विमानांच्या प्रतिकृती करायला शिकवतात. आणि काही मुलांची आवड खरोखरच संपलेली असते. आपल्या मुलाला सध्या कशाचे वेड आहे ते आपण लिहिलेले नाही. ते तबला किंवा कबड्डी असेल आणि तो त्यात रमला असेल, तर दोन-तीन रविवारी ग्लायडर करून पाहावे आणि त्याने मान फिरवली तर सोडून द्यावे. ज्याला लागते त्याला ते पहिल्या दोन-तीन खेपांतच लागते, असा माझा अनुभव आहे. आठ-दहा रविवार ओढत नेण्याने कोणी वैमानिक झालेला मला माहीत नाही.

आता ते मोडके विमान. ते फेकू नये आणि दुरुस्तीसाठी दुकानातही देऊ नये. प्रथम बॅटरी काढून घ्यावी. ती फुगलेली असेल तर पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. नंतर पंख जोडायचा की नाही हे मुलालाच विचारावे. जोडायचा असेल तर मोडलेल्या जागी खालून-वरून बांबूच्या दोन पट्ट्या फेविकॉलने बसवून रात्रभर दाबून ठेवाव्यात. पोटातल्या दोन छोट्या सर्व्हो मोटरी काढता येतात. रेडिओचा संदेश आला की त्या शेपूट कशा ढकलतात हे उघडून पाहण्यात एक अख्खी सुटी जाते. आणि पंख जुळला तर मोटरशिवायच ते हाताने, मऊ गवतावर, गुडघ्याएवढ्या उंचीवरून उडवून पाहावे. बॅटरीच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पुरचुंडी ठेवायला मात्र लागेल, नाहीतर नाक हलके होऊन ते गटांगळी खाईल. पोलो ग्राउंडवर साडेसात-आठनंतर क्रिकेटवाले येतात, म्हणून तिथे न्यायचे असेल तर साडेसहाला पोचावे.